अल्पेशला राग येत नाही

२ सप्टेंबर, सोमवार

गोकुळाष्टमीची, म्हणजे आमच्या सातम-आठमची सुट्टी संपली. गावाहून सुरतला परत. बस पाच तास उशिरा पोचली. मी अजिबात चिडलो नाही. कंडक्टरची कॉलर धरली होती, पण ती बस हलत होती आणि त्याचा तोल जात होता म्हणून.

आजपासून राग बंद. कायमचा.

कारण असं. गावी माझं जमत आलं होतं. मुलगी पसंत, घर पसंत. आठमच्या दुपारी रिवाजाप्रमाणे सगळे पत्ते कुटायला बसले. होणाऱ्या सासऱ्याने मांडीखाली राणी लपवली. मी ती सगळ्या गावासमोर ओढून काढली. संध्याकाळी नकार.

फोई म्हणाली, "लपवली असेल मेल्याने! सासऱ्याच्या मांडीखाली काय आहे ते आपण बघायचं असतं का?"

फोई म्हणजे आत्या, बापूजींची बहीण. वराछाला तिसऱ्या मजल्यावर राहते. मी जेवायला तिच्याकडे, झोपायला कारखान्यातल्या जयलाच्या खोलीवर. तिने दुसरं स्थळ आणलंय. धरती. बाप गोरधनभाई, कतारगामला त्यांची एम्ब्रॉयडरीची मशिनं आहेत.

फोईने बजावलं, "श्राद्धाचा पंधरवडा सरला की बघायला येतील. तोवर चौकशी करतील. सांगून कोणी चौकशी करत नाही. कारखान्याखाली उभे राहतील, पानाच्या टपरीवर विचारतील. तू कोणाशी भांडताना दिसलास की संपलं. आपल्या जातीत मुली राहिल्यात कुठे? ह्याच्यानंतर मी हात टेकले."

सोपं आहे. नाही भांडायचं म्हणजे नाही भांडायचं.

३ सप्टेंबर, मंगळवार

हिऱ्यांचा कारखाना सुरू. आमच्या घंटीवर, म्हणजे हिरे घासायच्या बैठकीवर, आम्ही चौघं. मधे सरण, म्हणजे लोखंडी तबकडी, फिरतं, चार बाजूंनी चौघं बसून त्यावर हिरा टेकवायचा. एकाने खोकलं तरी बाकी तिघांच्या हिऱ्याला कळतं. म्हणजे माणसं चांगली पाहिजेत. माझ्या समोर लालजीकाका. पन्नाशी उलटलेले, दिवसभरात चार वाक्यं बोलतात, त्यातली दोन मावा मागण्यासाठी. डावीकडे विनुभाई. त्यांना दोन पोरं आणि कायमची काळजी. उजवीकडे जयलो, माझ्याच खोलीतला.

मॅनेजर धीरूभाईंनी माझं घासलेल्या हिऱ्यांचं पाकीट परत आणलं. हिऱ्याचा एक पैलू तिरका म्हणे. माझा पैलू कधीच तिरका नसतो. त्यांचा भिंगाचा डोळा तिरका आहे. हे मी त्यांना अत्यंत शांतपणे सांगितलं. शेजारच्या हॉलमधले लोक उगाचच बघायला आले.

विनुभाई म्हणाले, "तू राग सोडला होतास ना रे?"

म्हटलं, "सोडायला वेळ लागतो. गाडी ब्रेक मारला की जागच्या जागी थांबते का?"

८ सप्टेंबर, रविवार

आयुष्य बदललं!!

समाजाच्या वाडीत मोफत शिबिर होतं. नाव 'टेन्शनला सुट्टी'. मी ताकासाठी गेलो होतो. उमंगसर म्हणून आहेत, पांढरे बूट, कानाला माईक. दीड तास बोलले, एकदाही खाली बसले नाहीत.

सर म्हणाले, राग बाहेरून येत नाही. आपणच त्याला घरात बोलावतो, पाट मांडतो, वाढतो. वाईट काहीच घडत नसतं, आपण वाईट बघतो. म्हणून काहीही झालं तरी आधी हसायचं आणि मोठ्याने म्हणायचं, "वा! छान झालं." प्रत्येकाला एक पिवळा रबर बँड दिला. मनगटात घालायचा. राग आला की ताणून सोडायचा. चट्ट. की राग गेला.

सर बोलत असताना माईक दोनदा बंद पडला. त्यांनी माईकवाल्या पोराला स्टेजच्या मागे नेलं. मोठमोठ्याने आवाज येत होते. प्रेमाने समजावत असणार.

आजपासून रोज लिहायचं, असंही सांगितलंय. लिहितोच आहे. म्हणजे मी सरांच्याही आधीपासून सरांच्या मार्गावर होतो.

९ सप्टेंबर, सोमवार

पहिलाच दिवस. अप्रतिम.

बाईक पंक्चर. हसलो. वा! छान झालं, तेवढंच चालणं होईल. उशीर झाला म्हणून धीरूभाईंनी सगळ्यांसमोर झापलं. हसलो. वा! छान झालं. धीरूभाई म्हणाले, "काय छान झालं?" म्हटलं, "तुम्ही बोललात, मन मोकळं झालं तुमचं." ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. परिणाम होतोय.

मनगट लाल झालंय. रक्ताभिसरण वाढल्याचं लक्षण.

११ सप्टेंबर, बुधवार

एकट्याने सुखी होणं म्हणजे स्वार्थ. घंटीवरच्यांनाही सुखी करायचं ठरवलं.

विनुभाईंच्या पोराला ताप होता. त्यांचा चेहरा उतरलेला. मी म्हटलं, "वा! छान झालं. ताप म्हणजे शरीर आतून साफ होतंय." विनुभाई म्हणाले, "तुझं थोबाड साफ करू का बाहेरून?" किती नकारात्मकता! सर म्हणतातच, जखमेवर औषध लावलं की आधी झोंबतं.

लालजीकाकांना समजावलं, की मावा सोडा, त्याऐवजी सकाळी आरशात बघून हसा. काकांनी प्लॅस्टिकमध्ये मावा चोळता चोळता वर बघितलं आणि म्हणाले, "अल्पेश्या, हिरा घास. माणसं घासू नकोस."

आजचं त्यांचं एक वाक्य माझ्यावर खर्च झालं. आदर वाटला.

१४ सप्टेंबर, शनिवार

चौकशी सुरू झाली! माझी नजर तयार आहे.

टपरीवर एक माणूस उभा. पांढरा शर्ट, बगलेत बॅग, फोईच्या सोसायटीच्या पाटीकडे बघतोय. इथला नाही. लगेच ओळखलं. पुढे होऊन वाकून नमस्कार केला. सोडा पाजला. त्याने विचारलं, "इथेच राहता? घरी किती माणसं?" बघा, थेट मुद्द्यावर! मी सगळं सांगितलं. फोईचं घर, तिच्या नवऱ्याचा म्हणजे फुआजींचा स्वभाव, माझी तब्येत, दात सगळे शाबूत.

तो म्हणाला, "पाणी कसं आहे तुमच्याकडे?"

काय खोल प्रश्न! मुलीच्या बापालाच सुचेल. मी म्हटलं, "पाणी जसं असेल तसं आम्ही गोड मानून घेतो." तो खूश. म्हणाला, "मग घरी येऊ का एकदा?" म्हटलं, "यायचं काय, आमच्याकडून होकारच समजा."

बाईकवरून त्याला बसस्टॉपपर्यंत सोडलं. वाटेत एका रिक्षावाल्याने कट मारला. मी त्याला हात जोडले. पाहुण्याने हे बघितलं असणारच.

१५ सप्टेंबर, रविवार

पाणी शुद्ध करायचं मशीन विकणारा होता.

सकाळीच फोईकडे टपकला. स्वयंपाकघरात ओट्यावर नळ्या पसरल्या, भिंतीला भोक पाडायला घेतलं. फोई लाटणं घेऊन उभी. तो आपला एकच सांगतोय, "भाईंनी होकार दिलाय." जेवायच्या वेळेपर्यंत हलला नाही.

फोई मला म्हणाली, "गाढवा, रस्त्यावरच्या माणसाला होकार देतोस? उद्या कोणी म्हैस घेऊन आला तर?"

मी हसून म्हटलं, "वा! छान झालं. पाहुणचाराचा सराव झाला."

लाटणं लागलं नाही. जवळून गेलं.

१८ सप्टेंबर, बुधवार

श्राद्धपक्ष सुरू. फोईकडे दूधपाक. पोट बिघडलंय, पण दूधपाकामुळे नाही. आणि रागामुळे तर नाहीच, कारण राग नाहीच. जबडा दुखतो. हसायचे स्नायू आजवर वापरले नव्हते, त्यांना सवय होतेय.

जयलो म्हणतो, "तू झोपेत शिव्या देतोस. कालची धीरूभाईंच्या आजोबांपर्यंत गेली होती."

झोपेतलं धरायचं नाही. झोपेत माणूस स्वतःचा नसतो. जयलाला प्रेमाने सांगितलं, की तू जागं राहून दुसऱ्याच्या शिव्या ऐकतोस हीच तुझी नकारात्मकता. तो उशी घेऊन गच्चीवर गेला. वा! छान झालं, त्याला मोकळी हवा मिळेल.

२० सप्टेंबर, शुक्रवार

आज थोडंसं काहीतरी झालं. लिहू की नको असं वाटतंय. पण लिहिलं की हलकं होतं म्हणतात.

सकाळी धीरूभाई आले, माझं पाकीट परत. पुन्हा तिरका पैलू. समोर हसलो. ते गेल्यावर हिरा पकडीत धरून सरणावर टेकवला आणि मनात जरा गरम वाटलं. म्हणून नियमाप्रमाणे रबर बँड ताणला. चट्ट. एवढ्यानेच हात हलला आणि पकडीतून हिरा उडाला.

हिरा पडला की आमच्यात आधी पंखे बंद. मग सरण बंद. मग दार बंद. सापडेपर्यंत कोणी बाहेर जायचं नाही, मुतायला लागली तरी. चाळीस माणसं गुडघ्यांवर. मऊ ब्रशने फरशी झाडायची, धूळ चाळायची, पँटच्या दुमडी उलगडायच्या, केस विंचरायचे. विनुभाईंनी बनियन काढून झटकलं. जयलाने माझे कान तपासले. गरमीने सगळे पाणीपाणी.

मी मधे उभा राहून म्हटलं, "मित्रांनो, वा! छान झालं. इतक्या दिवसांनी आपण सगळे एकत्र बसलोय."

पलीकडच्या घंटीवरून चप्पल आली.

दुपार टळली तरी सापडेना. लालजीकाका थकून भिंतीला टेकले. सकाळी घंटीवर अर्धा चोळून ठेवलेला मावा त्यांनी पुन्हा चोळला, तोंडात टाकला, चावला.

कट्ट.

सगळ्या माना वळल्या. काकांनी बोटांनी तोंडातून काहीतरी काढलं, चुन्यात माखलेलं. धीरूभाईंनी धावत येऊन पाण्यात धुतलं, भिंगाखाली धरलं. हिऱ्याला काहीही झालेलं नव्हतं. दाताला झालं होतं.

मी तोंड उघडणार एवढ्यात विनुभाईंनी माझ्या तोंडावर हात ठेवला. म्हणाले, "एक शब्द. फक्त एक शब्द काढून बघ."

एकूण विचार केला तर दिवस चांगलाच गेला. हिरा मिळाला.

२३ सप्टेंबर, सोमवार

लालजीकाका गाल धरून बसले होते. मी दवाखान्यात घेऊन जातो म्हटलं. नको म्हणाले. मावा चोळून देतो म्हटलं. नको म्हणाले. मग मी त्यांना सांगितलं, की दात गेला म्हणजे घासायचा एक कमी झाला.

काकांनी आपलं स्टूल फिरवलं आणि दिवसभर माझ्याकडे पाठ करून हिरा घासला. तसं घासता येत नाही खरं तर. पण त्यांनी घासला. कमालीचा कारागीर.

चौकशीवाला मात्र अजून कोणी दिसत नाही. सोसायटीच्या लिफ्टवाल्यालाही हसून दाखवतो. त्याने वॉचमनला विचारलं म्हणे, की तिसऱ्या मजल्यावरच्या पोराला काही झालंय का.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

फोई म्हणाली, "चौकशी झाली."

म्हटलं, "कधी? कोण आलं होतं? मला कळलं कसं नाही?"

"यायचं कशाला? लालजीभाई धरतीच्या आईचा मामेभाऊ लागतो. गोरधनभाई त्यालाच फोन करतात दर रविवारी. तुझ्या समोरच तर बसतो ना तो?"

मनगटाला चट्ट चट्ट केलं. रबर बँड तुटला. दुसरा घातला.

मग नीट विचार केला. वा! छान झालं! परका माणूस एकदा बघून गेला असता. काकांनी मला सकाळ-संध्याकाळ बघितलंय. माझा प्रत्येक सुधारलेला क्षण त्यांच्या डोळ्यांसमोर. दातामुळे तर मी त्यांच्या कायम लक्षात राहणार.

फोईला विचारलं, काय सांगितलं काकांनी? तर म्हणे, "पोरगा कामाचा आहे, व्यसन नाही, कोणाच्या बाईकडे बघत नाही. पूर्वी भांडायचा. आता भांडत नाही. आता त्याच्याजवळ बसणाऱ्याला भांडावंसं वाटतं. या आणि बघा. ठरवा तुमचं तुम्ही."

'आता भांडत नाही.' स्वच्छ शब्दांत! बाकीचं काकांचं विनोदी बोलणं.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

नवरात्र बसलं. रविवारी येणार ते. शर्ट इस्त्रीला टाकलाय. पांढरा.

चहाच्या सुट्टीत लालजीकाकांनी खांद्याला धरून जिन्यात नेलं. आज पहिल्यांदाच ते एवढं बोलले. मोजले असते तर महिन्याभराचे शब्द झाले असते.

म्हणाले, "अल्पेश्या, ऐक. तू पूर्वी चिडायचास, शिव्या घालायचास, चहा येईपर्यंत सगळं विसरायचास. आम्हाला कळायचं तरी, की हा आता गरम आहे, आता थंड झाला. विनुचा पोरगा पहिल्यांदा दवाखान्यात होता तेव्हा डॉक्टरशी भांडून खाट कोणी मिळवून दिली? तूच ना? आता तू हसतोस. सतत. भीती वाटते रे. रविवारी साधा राहा. काही विचारलं तर खरं सांग. राग येतो तर येतो म्हण. पोरगी हुशार आहे."

मी त्यांचा हात हातात घेतला. म्हटलं, "काका, काळजी करू नका. सगळं छान होणार."

काका हात सोडवून घेऊन वर गेले.

रात्री बसून विचार केला. सर म्हणतात, यशाच्या दारापर्यंत पोचलात की जवळचीच माणसं मागे ओढतात. काका मनाने चांगले आहेत, पण दात दुखतोय त्यांचा.

६ ऑक्टोबर, रविवार

जिंकलं!!! सविस्तर लिहितो.

चार वाजता आले. गोरधनभाई, त्यांच्या मिसेस, धरती. फोईने चहा, गाठिया, पपईचा संभारा, बर्फी, सगळं मांडलं. मी आल्यापासून हसतोय. गोरधनभाईंनी फोईला हळूच विचारलं, की ह्याला चेहऱ्याचं काही झालं होतं का लहानपणी. फोई म्हणाली, "नाही हो, हल्लीचंच आहे."

मग आम्हा दोघांना बोलायला गॅलरीत बसवलं. धरतीचा आवाज मोठा आहे. घरच्या मशिनींवर बारा कारागीर, सगळे तिच्या हाताखाली. मशीनच्या आवाजावर बोलून बोलून झालाय म्हणाली. डोळे थेट. मला आवडली. खरं लिहितो, फार आवडली.

म्हणाली, "तुमच्या गावी मी गेलेय एकदा. पाणी खारं, माणसं चिकट."

दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर गॅलरीतून खाली. मी हसलो. "वा! छान झालं, बघून आलात."

म्हणाली, "हिरेवाल्यांना चाळिशीत दिसेनासं होतं म्हणतात. मग बायकोने हात धरून फिरवायचं का?"

हसलो. "वा! हातात हात राहील."

मग तिने कप उचलला आणि माझ्या पांढऱ्या शर्टवर चहा ओतला. सांडला नाही. ओतला. गरम होता. पोटाला फोड आलाय, पण तेव्हा मी हललोसुद्धा नाही. हसत म्हटलं, "वा! छान झालं. पांढरा मला तसाही शोभत नव्हता."

तिने रिकामा कप खाली ठेवला. हळू आवाजात म्हणाली, "अल्पेश, एक सांगा. लग्न झालं, आणि उद्या रस्त्यात मला एखाद्या गाडीने उडवलं. तर काय म्हणाल?"

हा शेवटचा पेपर! मला कळलंच. सरांची आठवण केली. एक क्षणही न घालवता म्हटलं, "त्यातही काहीतरी चांगलंच असेल."

ती उठली. "बरं," म्हणाली. एवढंच. आत जाऊन आईला म्हणाली, "चला." आतल्यांचा चहा तसाच राहिला. आनंदाच्या भरात पिणार कोण?

चार पेपर, चार उत्तरं, एकदाही राग नाही. असा मुलगा वराछात दुसरा दाखवा. शंभर टक्के होकार.

८ ऑक्टोबर, मंगळवार

नकार.

फोईने मला जेवू दिलं, मग सांगितलं. नंतर स्वतःच रडली. म्हणाली, "फोटो बघितल्यापासून धरतीच्या मनात तूच होतास. घरात सगळ्यांना म्हणाली होती, ह्याच्या कपाळावर आठी आहे, हा माणूस माझ्यासाठी कोणाशीतरी भांडेल. आणि काल म्हणाली, फोटोतला पोरगा कुठे गेला? हा तर बधिर आहे. मी मेले तरी टाळ्या वाजवेल."

कच्ची सुपारी खाल्ल्यावर लागते तसं काहीतरी छातीत लागलं. ॲसिडिटी. गोळी घेतली.

शांतपणे विचार करता हे उत्तमच. नकार म्हणजे होकाराची पहिली पायरी. तिच्या मनात मी होतो हे तर सिद्ध झालं! आता फक्त तिला सकारात्मक करायचं बाकी. योजना: दसऱ्याला गोरधनभाईंना सरांच्या शिबिराचं आमंत्रण. सहकुटुंब. ताक मोफत आहे.

आज घंटीवर सगळ्यांना आधीच कळलेलं दिसलं. विनुभाईंनी माझ्या पाळीचं तेल सरणाला घातलं. लालजीकाकांनी मावा पुढे केला. मी खात नाही हे त्यांना माहीत आहे. तरी केला.

९ ऑक्टोबर, बुधवार

रबर बँड घातला नाही. मनगटाला जखम झालीय म्हणून. दुसरं काही कारण नाही.

१३ ऑक्टोबर, रविवार

सकाळी फोईकडे गेलो. कालची दसऱ्याची फाफडा-जिलेबी उरली होती. खावेना. आमंत्रणाचा निरोप कतारगामला गेलाच नाही, कारण फोईने तो पाठवलाच नाही. मी बसून राहिलो.

फोईला माझं तोंड बघवेना. डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "जाऊ दे रे. झालं ते छानच झालं."

आणि मग काय झालं मला नीट आठवत नाही.

जयलो खाली पार्किंगमध्ये होता, आवाज ऐकून वर आला. त्याने सांगितलं त्यावरून लिहितो. मी उठून उभा राहिलो आणि ओरडलो, काय छान झालं? काय डोंबलाचं छान झालं? मुलगी गेली, मला आवडलेली, ती छान झाली? पोटाला फोड आला तो छान झाला? त्या पांढऱ्या बुटांच्या माणसाला गाढवावर बसवून वराछापासून अमरेलीपर्यंत नेला पाहिजे. धीरूभाईंचा भिंगाचा डोळा फोडला पाहिजे. खिडकीतून जिलेबीचं ताट गेलं. चारही मजल्यांची दारं उघडली. खालचा वॉचमन म्हणाला म्हणे, "बरा झाला वाटतं तिसऱ्या मजल्यावरचा."

फोई काय करत होती? ती नाचत होती. डोळे पुसत, फोन हातात धरून. कतारगामला लावला होता. माझ्या तोंडासमोर धरून म्हणत होती, "ऐकताय ना? ऐका, ऐका! येतो हो त्याला राग! बोल रे, अजून बोल, त्या बुटवाल्याचं पुन्हा सांग!"

मी पुन्हा सांगितलं. श्वास संपला तेव्हा थांबलो. फोन स्पीकरवर होता. तिकडे कोणीतरी हसत होतं. मोठा आवाज, मशीनवर बोलून झालेला. खूप वेळ हसली. मग थांबली.

म्हणाली, "हा माणूस गेल्या रविवारी कुठे होता?"

मी फोन फोईच्या हातातून घेतला.

म्हणाली, "काल दसऱ्याला माझा गोळधाणा झाला, साखरपुडाच. बापूजींनी ठरवून टाकलं. कामरेजचे आहेत." मागे मशिनं चालू होती, ती ऐकू येत होती. "असेच चिडत राहा आता," म्हणाली. "चांगले वाटता, अल्पेशभाई."

भाई.